दर दहा दिवसांनी परत येणारी तफावत : कॅनॉनिकल डेटा मॉडेलमधील बिघाडाचे निवारण

एका सहकारी दूध संघात सहा वेगवेगळ्या संगणक प्रणाली एकमेकींशी जोडण्याचे काम मी केले आहे. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांमधील संकलनाचे सॉफ्टवेअर, शीतकरण केंद्रावरील टँकर रवानगीच्या नोंदी, मुख्य प्रकल्पावरील वजनकाटा, हिशेबाचे ईआरपी (सर्व विभागांचा कारभार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर), बँकेकडे देयके पाठवणारी प्रणाली आणि दूध उत्पादकांच्या हातातील मोबाईल ॲप अशा त्या सहा प्रणाली होत्या. प्रत्येक प्रणाली दुसऱ्या प्रत्येकीशी थेट जोडायची झाली, तर ६ × ५ म्हणजे ३० मॅपिंग (एका प्रणालीची माहिती दुसरीच्या रूपात बदलणारे नियम) लिहावी आणि सांभाळावी लागतात. मध्ये सर्वांना समजेल असे एक सामायिक, म्हणजेच कॅनॉनिकल, डेटा मॉडेल ठेवले, तर प्रत्येक प्रणालीसाठी एक येण्याचे आणि एक जाण्याचे अशी १२ मॅपिंग पुरतात. या गणिताच्या बळावर आम्ही कॅनॉनिकल मॉडेल उभे केले आणि पहिले काही आठवडे ते नीट चालले.

नंतर तक्रार सुरू झाली. दर दहा दिवसांनी उत्पादकांचे बिल काढताना संस्थांकडून आलेल्या दुधाची बेरीज आणि प्रकल्पावर पोचलेल्या दुधाची बेरीज जुळत नसे. आम्ही मॅपिंग दुरुस्त करायचो, पुढचे बिल जुळायचे, आणि त्यापुढच्या बिलाला तीच तफावत दुसऱ्याच एखाद्या केंद्राकडून परत यायची. ज्यांच्याकडे अशी दुरुस्त करूनही परत येणारी तफावत आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. उदाहरणे दुधाची असली, तरी बिघाडाची जात कांद्याच्या, औषधांच्या किंवा विम्याच्या प्रणालींमध्येही हीच असते.

तफावतीचा आकार आधी पाहावा

तफावत किती आहे हे सगळे पाहतात, पण ती कशी पसरली आहे हे फार थोडे जण पाहतात, आणि निदानाचा निम्मा भाग तिथेच दडलेला असतो. मॅपिंगचा कोड उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या नोंदी केंद्रनिहाय, दिवसनिहाय आणि सत्रनिहाय समोरासमोर ठेवाव्यात आणि वजाबाकीबरोबर भागाकारही करून पाहावा.

भागाकार सगळीकडे जवळजवळ एकच येत असेल, तर दोष एककाचा आहे. आमच्याकडे तो १.०३ च्या आसपास येत होता. हा आकडा दुधाच्या धंद्यातल्या कोणालाही लगेच ओळखू येतो, कारण एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो भरते आणि फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) व तापमान यांनुसार ते तिसऱ्या दशांशात थोडे कमी-जास्त होते. आम्ही संगणकाची माणसे मात्र पहिले दोन महिने वजाबाकीच पाहत बसलो होतो. हा भागाकार संकलन विभागातल्या एका पर्यवेक्षकांनी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवला.

भागाकार स्थिर नसेल, पण काही नोंदी पूर्णच्या पूर्ण जास्त किंवा कमी असतील, तर संदेश दोनदा आला आहे किंवा आलाच नाही असे समजावे. तफावत दिवसाच्या ठरावीक वेळी, विशेषतः पहाटे, गोळा होत असेल, तर तारखेचा हिशेब चुकतो आहे. ती ठरावीक गावांभोवती किंवा ठरावीक माणसांभोवती गोळा होत असेल, तर ओळख चुकते आहे, म्हणजे एकच गाव दोन म्हणून किंवा दोन माणसे एक म्हणून धरली गेली आहेत. एकाच वेळी यांपैकी दोन-तीन दोष असणेही अगदी शक्य आहे, म्हणून सर्वांत मोठा दोष काढल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.

एकच नोंद टोकापासून टोकापर्यंत

आकार कळला, की एक नोंद निवडून ती उगमापासून शेवटपर्यंत हाताने तपासावी. आम्ही निवडलेली नोंद एका संस्थेच्या सायंकाळच्या सत्राची होती. संस्थेच्या संगणकाने पाठवलेला आकडा २००० होता आणि कॅनॉनिकल संदेशात तो असा आला होता :

प्रमाण : २०००

तेच दूध टँकरने प्रकल्पावर पोचले, तेव्हा वजनकाट्याकडून आलेला संदेश असा होता :

प्रमाण : २०६०

दोन्ही संदेश आमच्या स्कीमाच्या, म्हणजे संदेशाची रचना ठरवणाऱ्या नियमांच्या, तपासणीतून विनातक्रार पुढे गेले, कारण स्कीमा एवढेच विचारत होता की ‘प्रमाण’ हे फील्ड आहे का आणि त्यात संख्या आहे का. पहिली संख्या लिटरमध्ये होती आणि दुसरी किलोमध्ये. दूध सांडले नव्हते, चोरीला गेले नव्हते आणि कोणाची मोजणीही चुकली नव्हती. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी खरे सांगत होत्या, आणि आमच्या मॉडेलने त्या दोघींना एकाच नावाच्या रकान्यात बसवले होते.

अशी नोंद तपासायची, तर उगम प्रणालीने पाठवलेला मूळ संदेश जसाच्या तसा जपून ठेवलेला असावा लागतो. बऱ्याच ठिकाणी मॅपिंग झाल्यावर मूळ संदेश टाकून देतात आणि फक्त कॅनॉनिकल रूप ठेवतात. असे असेल, तर बाकी सगळे थांबवून आधी मूळ संदेशांची साठवण सुरू करावी. मूळ हाती नसेल, तर पुढचे सगळे निदान अंदाजाने होते, आणि जुना हिशेब दुरुस्त करण्याचा मार्गही बंद होतो.

आमच्या तीन दुरुस्त्या आणि त्या का टिकल्या नाहीत

पहिली दुरुस्ती सरळ होती : प्रकल्पाच्या मॅपिंगमध्ये वजनकाट्याच्या आकड्याला १.०३ ने भागले. एक बिल जुळले. पुढच्या बिलाला असे दिसले, की काही संस्थांच्या संकलन काट्यांवर दूध किलोत मोजले जाते आणि आकडा किलोतच पाठवला जातो, तर काही काटे आतल्या आत रूपांतर करून लिटर दाखवतात. हा काट्यातला एक सेटिंग असतो आणि तो काटा बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ज्या दिवशी जसा ठेवला, तसा राहतो.

म्हणून दुसरी दुरुस्ती झाली. संस्थांच्या मॅपिंगमध्ये किलोत पाठवणाऱ्या केंद्रांची एक यादी घातली आणि त्या यादीतल्या केंद्रांचे आकडे भागले जाऊ लागले. ही यादी कोडमध्ये होती, तिच्याबद्दल संकलन विभागातल्या कोणालाही माहिती नव्हती, आणि नवे केंद्र सुरू झाले की ते यादीत घालायचे असते हे सांगणारा कोणताही कागद नव्हता. महिन्याभरात नवे केंद्र सुरू झाले, त्याचा काटा किलोत होता आणि तिथल्या उत्पादकांना तीन टक्के जास्त लिटरचे बिल गेले.

तिसरी दुरुस्ती म्हणजे यादीत ते केंद्र वाढवणे. त्यानंतर घडले ते अधिक वाईट होते. यादीतल्याच एका जुन्या केंद्राचा काटा बिघडला, त्याजागी नवा आला आणि नव्या काट्यावर लिटरचे सेटिंग होते. काटा आधीच लिटर देत होता आणि आमचे मॅपिंग ते पुन्हा १.०३ ने भागत होते. दिवसाला २० लिटर दूध घालणाऱ्या उत्पादकाचे दहा दिवसांचे २०० लिटर आमच्या हिशेबात १९४.१७ झाले. जवळपास सहा लिटर दुधाचे पैसे त्याच्या बिलातून गेले होते आणि ते घेतले आमच्या मॅपिंगमधल्या एका ओळीने. डेटा मॉडेलची चर्चा अमूर्त वाटू लागली, की मी अजूनही हे सहा लिटर आठवतो. संघाने त्या उत्पादकाला ते पैसे नंतर दिले, परंतु त्याने स्वतः वहीत लिटर लिहून ठेवले होते म्हणून ही चूक उघडकीस आली. ज्यांनी लिहून ठेवले नव्हते, त्यांचा हिशेब आम्हाला मूळ संदेशांवरून काढावा लागला.

तिन्ही दुरुस्त्यांमध्ये एकच चूक होती. ‘प्रमाण’ या फील्डचा अर्थ मॉडेलमध्ये ठरलेलाच नव्हता, आणि त्या न ठरलेल्या अर्थाची उणीव आम्ही प्रत्येक मॅपिंगमध्ये वेगवेगळ्या गृहीतकांनी भरून काढत होतो. मॅपिंग हे भाषांतर आहे आणि ज्या शब्दाला मुळात अर्थच दिलेला नाही, त्याचे भाषांतर प्रत्येक भाषांतरकार आपल्या मनाप्रमाणे करणारच. कॅनॉनिकल मॉडेलमध्ये नावे जुळवणे हे सोपे काम आहे. अर्थ जुळवण्याचे काम अवघड आहे, ते संगणकापासून दूर, माणसांशी बोलून करावे लागते, आणि ते टाळले तर तफावत परत येत राहते.

अर्थ ठरवून घेण्याची रीत

आम्ही शेवटी जे केले ते फार साधे होते. प्रत्येक प्रणालीची जबाबदारी असणाऱ्या व्यक्तीला वेगवेगळे भेटून विचारले, की तुमच्या प्रणालीत या आकड्याचा अर्थ एका वाक्यात सांगा. सर्वांना एकत्र बसवून विचारले असते, तर पहिल्या माणसाच्या उत्तराला बाकीच्यांनी मान डोलावली असती. वेगवेगळे विचारल्यावर सहा जणांची उत्तरे लिहून समोर ठेवली आणि त्यांत चार वेगवेगळे अर्थ निघाले : काट्यावर मोजलेले वजन, काट्यावर दिसलेले लिटर, नासलेले दूध वजा करून स्वीकारलेले लिटर आणि बिलासाठी धरलेले लिटर. एका ‘प्रमाण’ फील्डमध्ये हे चारही अर्थ एकाच वेळी नांदत होते.

त्यानंतर मॉडेलमध्ये ‘प्रमाण’ हे फील्ड राहिलेच नाही. त्याजागी ‘मोजलेले प्रमाण’ आणि ‘स्वीकृत प्रमाण’ अशी दोन फील्ड आली, आणि प्रत्येकाच्या पोटात मूल्य, एकक आणि मोजण्याची रीत असे तीन भाग आले. बिलासाठी धरलेले लिटर हा मोजमापाचा भाग नसून हिशेबाचा निष्कर्ष आहे, म्हणून तो ईआरपीकडे सोपवला. रूपांतर कोणत्याही मॅपिंगमध्ये करायचे नाही, ते एकाच ठिकाणी, एकाच सेवेत करायचे आणि कोणता गुणक वापरला हे नोंदीसोबत लिहायचे, असा नियम केला. त्यामुळे सहा महिन्यांनी कोणी विचारले, की हे लिटर कुठून आले, तर उत्तर नोंदीतच मिळते.

एककांसाठी स्वतःची यादी बनवण्याचा मोह टाळावा. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-सेफॅक्टने एककांचे संकेत आधीच ठरवून दिले आहेत आणि त्यात किलोसाठी केजीएम आणि लिटरसाठी एलटीआर आहे. इथेही सावधगिरी हवी, कारण आपल्या जीएसटी विवरणपत्रांतील एककांच्या यादीत किलोचा संकेत केजीएस असा आहे. बाहेर जाणाऱ्या जीएसटी मॅपिंगमध्ये केजीएमचे केजीएस करावे, पण मॉडेलच्या आत एकच यादी चालवावी. दोन याद्या शेजारी शेजारी राहिल्या, की काही दिवसांतच कोणीतरी केजीएस आणि केजीएम ही दोन वेगळी एकके समजून त्यांच्यावर अहवाल काढतो.

सर्वांत मोठा वाद झाला तो एकक नसलेल्या संदेशाचे काय करायचे यावर. एकक आले नाही तर लिटर धरावे, असा पर्याय बहुतेकांना सोयीचा वाटला, आणि मी त्याला शेवटपर्यंत विरोध केला. असे गृहीत धरलेले मूल्य चूक झाकते. ते नसेल तर चूक त्याच दिवशी दिसते, आणि ते असेल तर चूक बिलात दिसते. समोरून आलेला मुद्दाही खरा होता, की दूध थांबत नाही, संस्थेच्या दारात कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या स्कीमाचे कारण सांगता येत नाही. तेव्हा आम्ही दूध आणि संदेश यांना वेगळे केले : दूध नेहमीप्रमाणे स्वीकारले जाते, पावती मिळते, पण एकक नसलेला संदेश बाजूच्या रांगेत थांबतो आणि त्याचे बिल एकक निश्चित होईपर्यंत काढले जात नाही. ती रांग रोज दुपारी संकलन विभागातल्या ठरलेल्या एका व्यक्तीकडे जाते. ‘विभागाकडे’ असे लिहिले, तर ती कोणाकडेच जात नाही.

पहाटेचे दूध आदल्या दिवशी का जाते

एककाचा दोष निघाल्यावर उरलेली तफावत लहान होती, पण विचित्र होती. ती प्रत्येक महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला, म्हणजे नव्या बिलाच्या पहिल्या दिवशी, आणि फक्त सकाळच्या सत्रात दिसत होती. ज्यांनी दूध लवकर घातले, त्यांच्याच नोंदी नव्या बिलात नव्हत्या.

कारण असे होते, की संकलन सॉफ्टवेअर स्थानिक वेळ पाठवत होते, आमचे मॅपिंग ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलत होते आणि ईआरपी त्या यूटीसी वेळेतून तारीख कापून घेत होते. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून रात्री १२ पासून पहाटे साडेपाचपर्यंत इथे जे काही घडते, त्याची यूटीसी तारीख आदल्या दिवसाची असते. दिवसभराच्या कामात हा दोष दिसतच नाही. पहाटे पाचला सुरू होणाऱ्या संकलनात मात्र पहिला अर्धा तास रोज आदल्या दिवशी जात होता, आणि दहा दिवसांच्या मधल्या दिवसांत बेरीज जुळत असल्याने ते झाकले जात होते. हिशेबाच्या इतर प्रणालींमध्ये हाच दोष १ एप्रिलच्या पहाटे उघड होतो, कारण तेव्हा नोंद थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते.

उपाय असा, की घटनेचा क्षण आणि व्यवहाराचा दिनांक या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. क्षण आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, +०५:३० या फरकासकट लिहावा. ‘संकलन दिनांक’ आणि ‘सत्र’ ही स्वतंत्र फील्ड असावीत, ती उगम प्रणालीने भरावीत आणि पुढच्या कोणीही ती क्षणावरून काढू नयेत. सायंकाळचे संकलन वीज गेल्यामुळे रात्री बारानंतर संगणकात चढवले गेले, तरी ते त्या दिवसाच्या सायंकाळचेच असते. घड्याळाला ते माहीत नसते, पण संस्थेच्या सचिवांना नक्की माहीत असते.

माणसे, गावे आणि त्यांची नावे

ओळखीचे दोष हळूहळू साचतात आणि म्हणूनच अधिक त्रास देतात. घाऊक ग्राहकांसाठी आम्ही आधी जीएसटी क्रमांकालाच ग्राहकाची ओळख मानले होते. हा १५ अक्षरांचा क्रमांक राज्यानुसार मिळतो : पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि त्यापुढची दहा अक्षरे पॅनची असतात. ज्या ग्राहकाची दुकाने कोल्हापूर आणि पणजी अशा दोन्ही ठिकाणी होती, तो आमच्याकडे दोन ग्राहक झाला आणि त्याची उधारीची मर्यादा दुप्पट झाली. त्याऐवजी पॅन धरावा असे कोणी सुचवले, तर त्यालाही माझा विरोध आहे, कारण बाहेरच्या कोणत्याही यंत्रणेने दिलेला क्रमांक हा त्या यंत्रणेच्या गरजेसाठी असतो. कॅनॉनिकल मॉडेलने आपला स्वतःचा, काहीही अर्थ नसलेला क्रमांक द्यावा आणि बाकीचे सगळे क्रमांक प्रकार, मूल्य आणि वैधतेचा कालावधी यांसह एका यादीत ठेवावेत. उत्पादकांच्या बाबतीत मोबाईल क्रमांकाला ओळख मानणे तर अगदीच घातक ठरले, कारण एका घरात वडील आणि दोन मुलगे स्वतंत्र सभासद असतात आणि फोन एकच असतो.

गावांच्या नावांची एक गोष्ट मराठी लिपीतच दडलेली आहे आणि ती इंग्रजीत काम करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे ही अदृश्य जोडखूण असते. पडद्यावर दोन्हींतला अर्धा ‘र’ सारखाच दिसतो, पण संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात, आणि युनिकोडचे एनएफसी हे नेहमीचे सामान्यीकरण या दोहोंना एक करत नाही. ‘गोऱ्हे’, ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’ अशा प्रत्येक शब्दात हा प्रश्न आहे. मॉडेलच्या दारातच या दोहोंपैकी एक रूप ठरवून दुसरे त्यात बदलणारा नियम लिहावा, आणि तरीही नावावरून जुळवणी करू नये.

नावावरून जुळवणी का करू नये, याची कारणे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत भरपूर दिली आहेत. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. हे नामांतर आहे, म्हणजे ठिकाण तेच राहते, त्याचा क्रमांक तोच राहावा आणि नवे नाव कोणत्या तारखेपासून लागू आहे एवढेच नोंदवावे. पालघरचे तसे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर हा वेगळा जिल्हा झाला. तिथे नवा क्रमांक हवा, आणि २०१३ मधल्या नोंदी नकळत पालघरच्या नावावर जाऊ नयेत याची काळजी हवी. नामांतर आणि विभाजन यांना मॉडेलमध्ये एकच ‘बदल’ मानले, तर जुने अहवाल आपोआप बदलतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

अंक दिसतो म्हणून संख्या मानण्याच्या चुकीबद्दल एवढेच सांगतो, की दुधाचा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा) संकेत ०४०१ आणि कांद्याचा ०७०३ आहे. स्प्रेडशीटमधून जाताना त्यातले शून्य गळते आणि ४०१ व ७०३ उरतात. संकेत हा नेहमी मजकूर म्हणूनच ठेवावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

मॉडेल एकदा दुरुस्त झाले, तरी ते सांभाळावे लागते, आणि सांभाळण्यात सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की एकदा वापरात आलेल्या फील्डचा अर्थ कधीही बदलायचा नाही. नवे ऐच्छिक फील्ड वाढवता येते. जुने फील्ड वापरातून काढायचे असेल, तर आधी जाहीर करून, कोण अजून ते वाचतो आहे हे लॉगवरून पाहून, मग काढता येते. अर्थ बदलायचा असेल, तर नवे नाव द्यावे. ‘स्वीकृत प्रमाण’ यात पुढे गुणवत्तेची कपात धरायचे ठरले, तेव्हा हिशेब विभागाला तेच फील्ड हवे होते, कारण त्यांचे अहवाल त्यावर चालत होते. आम्ही ‘कपातीनंतरचे प्रमाण’ असे वेगळे फील्ड दिले. त्यांना दोन दिवसांचे काम वाढले, पण इतर चार प्रणालींचा हिशेब शाबूत राहिला.

प्रत्येक फील्डला एक पालक असावा आणि तो शक्यतो संगणक विभागातला नसावा. मोजमापाचे पालक संकलन विभागाचे, दराचे हिशेब विभागाचे. मॅपिंग लिहिणाऱ्याने अर्थ ठरवायचा नाही, विचारायचा. प्रत्येक उगम प्रणालीचे वीस-पंचवीस खरे, ओळख पुसलेले नमुना संदेश जपून ठेवावेत, त्यात किलोचे आणि लिटरचे, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचे, दोन्ही प्रकारच्या कऱ्हाडचे आणि एकक नसलेले असे सगळे असावेत, आणि कोणत्याही मॅपिंगमध्ये एक ओळ बदलली, तरी ते सगळे चालवून उत्तर तपासल्याशिवाय ती ओळ पुढे जाऊ देऊ नये. आमच्याकडे प्रत्येक नवा बिघाड हा या नमुन्यांतला एक नवा संदेश होतो.

मॉडेलचा पसारा वाढवण्याचा आग्रह मात्र धरू नये. किमान दोन प्रणालींमध्ये ज्या माहितीची देवाणघेवाण होते, तेवढीच मॉडेलमध्ये असावी. जनावरांच्या लसीकरणाच्या नोंदी फक्त ॲपमध्ये वापरल्या जात असतील, तर त्या ॲपमध्येच राहाव्यात. आणि ज्यांच्याकडे दोन किंवा तीनच प्रणाली आहेत, त्यांनी हा खटाटोप करावा का, याचा आधी विचार करावा, कारण तीन प्रणालींना थेट जोडण्यासाठी सहा मॅपिंग लागतात आणि कॅनॉनिकल मॉडेल ठेवूनही सहाच लागतात.

जुन्या हिशेबाची दुरुस्ती

चुकलेल्या नोंदी जागच्या जागी बदलू नयेत. आम्ही मूळ संदेश नव्या मॉडेलमधून पुन्हा चालवले, प्रत्येक संदेशाला उगम प्रणाली, संस्था, सत्र आणि पावती क्रमांक यांचा मिळून एक कायमचा क्रमांक दिला, म्हणजे तोच संदेश दोनदा चालला तरी बिल दोनदा होणार नाही, आणि जुने बिल व नवे बिल यांतला फरक वेगळी समायोजन नोंद म्हणून पुढच्या बिलात दाखवला.

या ओळीला काय नाव द्यायचे, यावर आम्ही थांबलो. हिशेब विभागाने ‘फरक’ सुचवले होते. परंतु दूध उत्पादकांच्या बोलण्यात ‘फरक’ म्हणजे दिवाळीला संघाकडून मिळणारी दरातील वाढीव रक्कम, आणि तो शब्द बिलावर दिसला असता, तर दिवाळीचा फरक आत्ताच एवढासा दिला की काय, असे विचारायला लोक संस्थेत आले असते. म्हणून ‘मोजमाप दुरुस्ती’ असे लिहिले आणि कोणत्या तारखांच्या दुधाची ती आहे हे शेजारी छापले.

बिघाड खरोखर गेला हे मानण्यासाठी आम्ही सलग तीन बिलांची कसोटी ठेवली : प्रत्येक केंद्राचा, प्रत्येक सत्राचा भागाकार काढायचा आणि तो ज्या केंद्रात एकाएकी सरकला असेल, तिथे त्याच दिवशी माणूस पाठवायचा. दुसऱ्या बिलात एक केंद्र सरकले. तिथला काटा आदल्या दिवशी बदलला होता. या वेळी संदेशात एकक बरोबर आले होते, परंतु नव्या काट्याची शून्य-स्थिती चुकीची होती, आणि तो दोष मॉडेलचा नसून काट्याचाच होता. तो तिथल्या तिथे दुरुस्त झाला. तेव्हापासून नवे केंद्र सुरू करताना किंवा काटा बदलताना जो अर्ज भरून घेतला जातो, त्यात काट्यावरील एककाचा रकाना आहे, आणि पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवल्यावर काट्याच्या पडद्यावर जो आकडा दिसतो, त्याचा फोटो अर्जाला जोडावा लागतो.